दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार

"सर, पीएच.डी.ला प्रवेश मिळेलही, पण चार-पाच वर्षे खायचे काय?" असा प्रश्न विद्यार्थी आपल्याला विचारतात. प्रश्न जुनाच आहे. १८९५ साली न्यूझीलंडमधल्या एका तरुणापुढेही तो होता. अर्नेस्ट रदरफर्ड त्याचे नाव.

बारा भावंडांतला हा चौथा. वडील गाड्यांची चाके बनवीत, आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजात तो शिष्यवृत्त्यांच्या आधारावर शिकला. शाळेत कायमची नोकरी मिळवण्याचा प्रयत्न मात्र तीनदा फसला. म्हणजे हा शास्त्रज्ञ आपल्याच व्यवसायात यायचा, तो थोडक्यात हुकला!

त्याला पैसे मिळाले ते एका प्रदर्शनाच्या नफ्यातून. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले होते. खर्च वजा जाता सुमारे १,८६,००० पौंड उरले. ते वाटून न टाकता प्रदर्शनाच्या आयोगाने साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली. पुढे आयोगाच्या उत्पन्नातून १८९१ पासून विज्ञान-संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. रक्कम वर्षाला १५० पौंड, मुदत दोन वर्षे.

अट महत्त्वाची होती. केवळ परीक्षेतले गुण पुरत नसत. स्वतंत्र संशोधन करण्याची कुवत दाखवावी लागे. रदरफर्डने कॉलेजच्या तळघरात, कोट-टोप्या ठेवायच्या खोलीत, प्रयोग केले होते. विद्युतप्रवाह अतिशय वेगाने उलटसुलट होत असेल तर लोखंडाला चुंबकत्व येते का, हा त्याचा विषय. हेच काम त्याने अर्जासोबत पाठवले.

न्यूझीलंडच्या वाट्याला दोन वर्षांतून एकच शिष्यवृत्ती येई. त्या वर्षी उमेदवार दोन होते. निवड झाली ती मॅक्लॉरिन या रसायनशास्त्रज्ञाची. पण अटी पाळणे त्याला शक्य नव्हते. त्याने नकार दिला आणि शिष्यवृत्ती रदरफर्डकडे आली. बातमी आली तेव्हा तो शेतात बटाटे काढत होता आणि हे आपले शेवटचे बटाटे, असे म्हणून त्याने फावडे फेकले, अशी गोष्ट सांगतात. बोटीच्या भाड्यासाठी मात्र त्याला कर्ज काढावे लागले.

पैसे मिळाले तरी दार उघडे हवे. योगायोगाने केंब्रिजने त्याच वर्षी नियम बदलला आणि अन्य विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून घ्यायला सुरुवात केली. पीएच.डी. ही पदवी तिथे तेव्हा नव्हतीच. जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या या पहिल्या तुकडीत रदरफर्ड होता. पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक आणि १९११ मधला अणुकेंद्राचा शोध, ही कहाणी आपण वर्गात सांगतोच.

याच निधीवर १९१३ मध्ये रदरफर्डचा विद्यार्थी चॅडविक बर्लिनला गेला. १९३२ मध्ये त्याने न्यूट्रॉन शोधला. मुंबईचे होमी भाभा यांनाही केंब्रिजमध्ये याच निधीची विद्यावृत्ती मिळाली होती. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

आज आपल्याकडे सीएसआयआर आणि यूजीसीच्या नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळते. प्राध्यापकांना मंजूर झालेल्या प्रकल्पांतही पगारी जागा असतात. त्यांच्या जाहिराती संस्था काढतात. पण अशा जागा आहेत, हेच अनेकांना ठाऊक नसते. ती माहिती पोचवणे आपल्या हातात आहे. विद्यार्थ्याला लहानसा का होईना, स्वतःचा प्रयोग करायला लावून त्याची नीट नोंद ठेवायला शिकवणेही आपल्याच हातात आहे. आणि निवड यादीत नाव दुसरे आले, म्हणून खचलेल्या मुलाला ही गोष्ट अवश्य सांगावी.