अहमदी महिना आणि मृगसाल

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटजवळ टिपू सुलतानाचा लाकडी महाल आहे. हैदर अलीने सुरू केलेला, टिपूने १७९१ मध्ये पुरा केलेला. पाहुण्यांना तो दाखवायला नेतो तेव्हा मला टिपूचे पंचांग आठवते.

१७८४ च्या सुमारास त्याने महिन्यांची नावे बदलली. चैत्राच्या जागी अहमदी, वैशाखाच्या जागी बहारी. १७८७ पासून सनही बदलला. तो पैगंबरांच्या जन्मापासून मोजायचा, म्हणून मौलूदी. साठ संवत्सरांना नवी नावे मिळाली, नाण्यांवर सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे उमटू लागले. आतला सांगाडा मात्र इथलाच होता: चांद्रमास, अधिकमास, वर्षारंभ युगादीच्या सुमारास. हिजरी वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, आणि सारा तर पीक हाती आल्यावरच वसूल होणार!

आपण मराठी माणसांनी याला हसू नये. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, त्या काळच्या मराठी कागदांवर शुहूर सन असतो. ‘खमस अर्बैन अलफ’, म्हणजे पाच, चाळीस, हजार: १०४५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६४४ (जानेवारीनंतरच्या कागदाला ६०० मिळवायचे). आकडे अरबी, पण साल बदलायचे सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. दारी पाडव्याला गुढी उभारणारा कुळकर्णी दप्तरात नवे साल लिहायला मृगापर्यंत थांबायचा.

मृगसाल पेशवाईपर्यंत चालले. अहमदी-बहारी १७९९ मध्ये टिपूबरोबरच संपले. राज्यच बुडाले हे खरे, पण मला वाटते, ती नावे दरबाराबाहेर कुणाला नकोच होती. युगादीची होळिगे करायला चैत्र पुरेसा होता. मृगाचे तसे नव्हते. तो शेतकऱ्याला दप्तराआधीच ठाऊक होता.

माझी आई साताऱ्याकडची, बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे बेंगळुरूला आली. दर सात जूनला गॅलरीत उभी राहून आभाळ बघते. इथला जोराचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, हे मी तिला आकडे दाखवून सांगितले. म्हणजे तिचा मृग इथे टिपूच्या अहमदीइतकाच कागदी, असेही एकदा बोलून गेलो. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

गेल्या वर्षी मृगाला कडक ऊन होते. तिने तरी कुंडीत दोडक्याच्या चार बिया टोचल्या आणि तांब्याने पाणी घातले.