बोडेगा हेडचा खड्डा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरवर, बोडेगा हेड नावाचे ग्रॅनाइटचे भूशिर आहे. त्यावर एक गोल तळे दिसते. ते नैसर्गिक नाही. अणुभट्टीच्या पायासाठी खणलेला तो खड्डा आहे. भट्टी मात्र तेथे कधीच उभी राहिली नाही. असे का झाले, याचा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्या आपण सर्वांनी पाहण्यासारखा आहे.

'पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक' या कंपनीने १९५८ मध्ये येथे वीजकेंद्र उभारण्याचे जाहीर केले. ते अणुवीजकेंद्र असेल हे १९६१ मध्ये स्पष्ट झाले. क्षमता होती सुमारे ३२५ मेगावॅट. वाफ थंड करण्यास समुद्राचे पाणी, पायाखाली खडक आणि आसपास विरळ वस्ती, अशी ही सोयीची जागा होती.

सुरुवातीच्या विरोधामागे भूकंपाची भीती नव्हती. रोझ गॅफ्नी या जमीनमालकीणबाई आपली जमीन सोडण्यास तयार नव्हत्या. मच्छीमारांना बंदराची काळजी होती, गवळ्यांना दुधात किरणोत्सारी द्रव्य उतरण्याची, तर सागरी जीवशास्त्रज्ञ जोएल हेजपेथ यांना किनाऱ्यावरील जीवसृष्टीची. १९६२ मध्ये राज्याच्या आयोगापुढे सुनावणी झाली आणि प्रकल्पाला सशर्त संमती मिळाली. मे १९६३ मध्ये विरोधकांनी भूशिरावरून सुमारे दीड हजार फुगे सोडले. गळती झालीच, तर वारा ती कोठे नेईल, हे लोकांना दाखवण्याची ती साधी युक्ती होती.

पुढे वादाचे केंद्र जमिनीखाली गेले. भूशिराला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या वाळूच्या पट्ट्याखालून सॅन अँड्रियास प्रस्तरभंग जातो. प्रस्तरभंग म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांसापेक्ष सरकलेले असतात, अशी भेग. १९०६ च्या भूकंपात या भेगेच्या बाजू काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत सरकल्या होत्या. प्रस्तरभंगाच्या पट्ट्याची कड भट्टीच्या जागेपासून अर्धा किलोमीटरही दूर नव्हती. १९६३ मध्ये संघराज्य सरकारच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने खड्डा तपासला, तेव्हा खड्ड्याच्या आतूनच एक लहान प्रस्तरभंग गेलेला आढळला. त्याने ग्रॅनाइटच नव्हे, तर वरचे गाळाचे थरही छेदले होते.

भेग आहे, हे निरीक्षण झाले. ती भट्टीच्या आयुष्यात पुन्हा सरकेल का, हा प्रश्न वेगळा. आणि त्याचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर कोणालाच देता येईना. जमीन सरकली तरी भट्टीला धक्का पोचू नये, असा नवा आराखडा कंपनीने मांडला. दरम्यान मार्च १९६४ मध्ये अलास्कात ९.२ महत्तेचा भूकंप झाला.

अखेर ऑक्टोबर १९६४ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे दोन अहवाल एकदमच बाहेर आले. सुरक्षाविषयक सल्लागार समितीचे मत होते, की या आराखड्यानुसार भट्टी सुरक्षितपणे चालवता येईल. आयोगाच्याच नियामक विभागाचे मत उलट होते : असे बांधकाम कोठेही कसोटीला उतरलेले नाही, आजच्या ज्ञानाच्या आधारे ही जागा योग्य म्हणता येत नाही. काही दिवसांतच, ३० ऑक्टोबरला, कंपनीने प्रकल्प मागे घेतला.

पुरावा दोघांपुढे सारखाच होता. मग निष्कर्ष वेगळे का? आम्ही संशोधक 'सिद्ध झालेले नाही' हे शब्द रोज वापरतो. पण धोका सिद्ध झालेला नाही म्हणून पुढे जायचे, की सुरक्षितता सिद्ध झालेली नाही म्हणून थांबायचे? याचे उत्तर खडकात लिहिलेले नसते. चूक झाली तर ती कोणाला भोगावी लागेल, हे पाहूनच ते ठरवावे लागते. अणुशक्तीचा प्रसार आणि तिच्यावरील नियंत्रण, ही दोन्ही कामे त्या काळी याच आयोगाकडे होती. तरीही त्याच्या नियामक विभागाने 'नाही' म्हटले, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आणि गवळी-मच्छीमारांनी प्रश्न लावून धरले नसते, तर तो खड्डा इतक्या बारकाईने कोणी तपासला असता का, याचाही विचार करावा.

तज्ज्ञांत मतभेद दिसले, की 'यांचेच एकमत नाही' म्हणून विद्यार्थी विषय सोडून देतात. अशा वेळी त्यांना विचारावे : मतभेद नेमका कशाबद्दल आहे? निरीक्षणाबद्दल, की धोका कोणी पत्करायचा याबद्दल?