आपलीच तलवार, आपलेच पैसे

२०२५ च्या पोळ्याला अड्याळला गेलो होतो. शुक्रवारी पोळा, त्याला जोडून शनिवार-रविवार... आयटीवाल्याला आणखी काय पाहिजे! पुण्याहून रात्रभर नागपूर, तिथून भंडारा, आणि मग पवनी रोडने आमचं गाव. घरी पोचलो तर आबाजी ओसरीवर चार दिवसांचे पेपर मांडून बसलेले. बॅग खाली ठेवायच्या आत प्रश्न आला.

"रघुजी राजाची तलवार आनली म्हनते लंडनहून?"

"हो आबाजी. सरकारने लिलावात घेतली. सत्तेचाळीस लाखाला."

"आपलीच तलवार ना रे बाबू?"

"हो..."

"मंग पैसे कायचे देले?"

माझा क्लायंट लंडनचा आहे. त्याच्याशी रोज दुपारी तासभर इंग्रजीत हुज्जत घालतो. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "लिलाव होता ना, म्हणून," असं काहीतरी पुटपुटलो आणि चहा प्यायला आत पळालो. डोक्यात मात्र तो प्रश्न बसला तो बसलाच. मग ते दोन दिवस आणि त्यानंतरचे दोन-तीन विकेंड यातच गेले.

आधी तलवारीबद्दल. रघुजी भोसले पहिले, म्हणजे नागपूरच्या गादीचे संस्थापक. शाहू महाराजांकडून 'सेनासाहेबसुभा' हा किताब मिळालेले. १७४१ पासून दहा वर्षं त्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहात ओरिसा आणि बंगालची वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळवली. आमचा भंडारा जिल्हा त्यांच्याच राज्यातला. २९ एप्रिल २०२५ ला सदबीजने लंडनमध्ये ही तलवार विकायला काढली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, वाहतूक-विम्यासकट ४७.१५ लाखांना, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पात्यावर सोन्यात देवनागरी अक्षरांत राजांचं नाव आहे. आणि गंमत म्हणजे ती 'फिरंग' आहे, म्हणजे पातं युरोपात बनलेलं आणि मूठ आपल्याकडची. म्हणजे बाईसाहेब एकदा तिकडून इकडे आल्या, मग इकडून तिकडे गेल्या आणि आता पुन्हा इकडे!

ती गेली कधी? याचा कागद नाही. दोन शक्यता सांगितल्या जातात. एक म्हणजे नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई, ज्यात आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली. दुसरी १८५३ नंतरची. मला ही दुसरी जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात लढाईच नाही. नुसती फाइल आहे.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. राण्यांनी रिवाजाप्रमाणे यशवंतराव अहिरराव या नात्यातल्या मुलाला पुढे केलं. पण कलकत्त्यात डलहौसी बसलेला. त्याचं म्हणणं असं की आप्पासाहेबांना काढल्यावर १८१८ मध्ये ही गादी आम्हीच या रघुजीला दिली होती. वारस नाही, म्हणजे दिलेलं परत. आपल्या भाषेत सांगायचं तर लायसन्स 'नॉन-ट्रान्स्फरेबल' होतं, युजर गेला की अकाउंट बंद. २८ जानेवारी १८५४ च्या त्याच्या टिपणात आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. ते म्हणजे कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता आणि मँचेस्टरचे व्यापारी त्यासाठी मागे लागलेले होते. ८० हजार चौरस मैलांचा मुलूख, चाळीस लाखांच्या वर माणसं, आणि निकाल लागतोय कुठे, तर गिरणीच्या गरजेवर. (आमच्याकडे तर कापूसही नाही हो, सगळं धान!)

सगळे इंग्रज एकसारखे नव्हते, हेही सांगायला हवं. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल राज्य टिकवावं या मताचा होता. कौन्सिलातल्या कर्नल जॉन लो याने तर लेखी विरोध केला. त्याने लिहिलं की १८४८ मध्ये सातारा खालसा केल्यापासून लोक विचारतात, त्या राजाने असा गुन्हा तरी काय केला होता? पण बहुमतापुढे त्याचं काही चाललं नाही. १३ मार्च १८५४ ला नागपूर खालसा झालं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ब्रिटनने रशियाविरुद्ध क्रिमियाचं युद्ध पुकारलं. तेव्हा लंडनचं लक्ष कुठे होतं ते वेगळं सांगायला नको.

पुढचं वाचताना मात्र मी लॅपटॉप बाजूला ठेवून उठलो. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल भावाने विकले. दागिने कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. थोरल्या राणी बाकाबाई तेव्हा चांगल्याच म्हाताऱ्या होत्या. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी बाईंनी दिली. सामान तरीही हललं. म्हणजे लंडनमध्ये तलवारीचा लिलाव झाला तो काही भोसल्यांच्या घरातला पहिला लिलाव नव्हता. पहिला आमच्या नागपुरात झाला.

आणि आता पोळ्याचा दुसरा दिवस आठवा. नागपुरात काळी मारबत निघते. इंग्रजांना फितूर झाल्याबद्दल बाकाबाईंचा धिक्कार म्हणून ती सुरू झाली असं सांगतात. १८५७ मध्ये बाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या हे खरंच आहे. त्याचं बक्षीस म्हणून दत्तक मुलाला 'देऊरचे राजाबहादूर' हा किताब मिळाला, राज्य काही परत मिळालं नाही. पण लहानपणापासून "घेऊन जा गे मारबत" ओरडताना मला वाडा जाळायला निघालेली बाकाबाई कोणी सांगितलीच नव्हती. आणि डलहौसीची मारबत काही आपण काढत नाही.

असो. तर पैसे का दिले? तलवार खाजगी मालकीची होती. ती लुटून नेली याचा पुरावा हातात नसेल तर तिकडच्या कायद्याने ती त्या मालकाचीच. पुरावा असला की काय होतं ते त्याच वर्षी दिसलं. १८९८ मध्ये पिप्रहवाला स्तूप खणताना बुद्धाच्या अस्थींबरोबर रत्नं सापडली. खणणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वंशजांनी त्यातली आपल्याकडची रत्नं मे २०२५ मध्ये सदबीजमार्फतच हाँगकाँगला विकायला काढली. सापडल्याची तारीख, जागा, सगळी नोंद होती. भारत सरकारने नोटीस पाठवली, लिलाव थांबला. शेवटी गोदरेज समूहाने ती घेतली आणि जुलैअखेर रत्नं भारतात आली. म्हणजे तिथेही कोणीतरी पैसे मोजलेच...

आणि वस्तू सरकारी म्युझियममध्ये असली तर? मग आणखी अवघड. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा संग्रहातलं काही देऊन टाकायला जवळपास बंदीच घालतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ चा कायदा आडवा येतो. म्हणून जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. (आणि ती नक्की महाराजांचीच का, हे सिद्ध झालेलं नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं.) कायदा बदलणं पार्लमेंटच्या हातात आहे, आणि तिथे पक्ष बदलले तरी उत्तर बदलत नाही. २०१० मध्ये कॅमेरून म्हणाले की एकाला हो म्हटलं तर ब्रिटिश म्युझियम रिकामं होईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुनक यांनी पार्थेनॉनच्या शिल्पांवरून ग्रीसच्या पंतप्रधानांची ठरलेली भेटच रद्द केली. २०२४ मध्ये लेबर पक्ष आला, तरी कायदा बदलायचा विचार नाही हेच सांगितलं गेलं. हुजूर असो की मजूर, कपाटाची किल्ली कोणी देत नाही.

एक कडू गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या बंगाल स्वाऱ्यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्याच स्वाऱ्यांतल्या 'बर्गीं'ची भीती घालून बंगाली आया पोरांना झोपवत आल्या. कलकत्त्याच्या माझ्या टीममेटला तलवारीची बातमी दाखवली तर तो नुसता हसला. लुटीचा हिशोब मागायचा तर आपल्या वहीचं तेही पान उघडं ठेवावं लागेल.

रविवारी निघायच्या आधी आबाजींसोबत मामा तलावावर गेलो. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. नागपूर खालसा झाल्यावर इंग्रजांनी गावागावात मालगुजारांना मालकी लिहून दिली, आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा तलाव सरकारजमा झाले. कलकत्त्यातली ती फाइल इथे पाण्याच्या नावातसुद्धा उरलीय. पाळीवर बसून मी आबाजींना हे सगळं सांगितलं. डलहौसी, कापूस, बाकाबाई, सदबीज. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे कागद नव्हता, म्हनून पैसे देले," आबाजी म्हणाले.

एवढं सगळं वाचून मला जे दोन पानांत जमलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक जुनी पत्र्याची पेटी काढली. शेतीचे सातबारे, पणजोबांच्या वेळच्या लगानाच्या पावत्या, पिवळ्या पडलेल्या.

"हे कॉम्प्युटरात टाक," म्हणाले.

संध्याकाळची बस सोडून दिली. रात्री उशिरापर्यंत एकेक कागद स्कॅन करत बसलो.