पोकळ स्फटिकांचे सायनाइड-कुळ

मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन, क्योतोचे सुसुमु कितागावा आणि बर्कलेचे ओमर याघी यांना धातु-सेंद्रिय जालकांसाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा या पोकळ स्फटिकांच्या जन्माची जी कथा सर्वतोमुखी झाली, ती लाकडी गोळ्यांची होती. विद्यार्थ्यांना रेणूंची रचना दाखविता यावी म्हणून रॉबसन यांनी १९७४ मध्ये विद्यापीठाच्या कर्मशाळेकडून लाकडी गोळ्यांना भोके पाडून घेतली. आणि ती कोणत्या कोनात पाडावीत हे ठरविताना त्यांच्या ध्यानात आले की, काड्या खोवणाऱ्याला रचना ठाऊक नसली तरी अडत नाही, कारण सारा आराखडा भोकांच्या जागांतच नमूद असतो. मग खऱ्या अणूंकडूनही असेच बांधकाम का करवून घेऊ नये? कथा खरी आहे, आणि गोडही आहे. माझी हरकत एवढीच की, तिने वारसाचा दाखला मिळतो, मूळपुरुषाचा नव्हे.

मूळपुरुष, माझ्या मते, बर्लिनचा निळा रंग होय. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात डीसबाख नावाचा रंग करणारा किरमिजी किड्यांपासून लाल रंग काढू पाहत होता; डिपेल नावाच्या किमयागाराकडून त्याने आणलेला पोटॅश जनावरांच्या तेलाने दूषित झालेला होता, आणि म्हणून लालाच्या जागी गडद निळा रंग उतरला, असे सांगतात. त्या निळ्याच्या अंतरंगाचा उलगडा केगिन आणि माइल्स यांनी १९३६ मध्ये क्ष-किरणांनी केला: घनाच्या कोपऱ्यांवर लोखंडाचे अणू, कडांवर कार्बन-नायट्रोजनाची जोडी म्हणजे सायनाइड, आणि मध्ये पोकळी. ही पोकळी केवळ शोभेची नाही. किरणोत्सारी सीझियम पोटात गेलेल्या रोग्याला आजही हाच निळा रंग औषध म्हणून देतात, कारण तो ते सीझियम आपल्यात अडकवून ठेवतो.

पुढची दप्तरे याच मोहोरेची आहेत. १८९७ मध्ये हॉफमान यांना अमोनियायुक्त निकेल सायनाइडाने बेंझिन धरून ठेवलेले आढळले. ते थरांमध्ये कसे कोंडलेले असते, हे पॉवेल यांनी १९४९ मध्ये ऑक्सफर्डला दाखविले. १९५९ मध्ये जपानात साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे आणि अडिपोनायट्राइल यांचे जालक उलगडले. आणि १९८९ मध्ये रॉबसन यांनी हॉस्किन्स यांच्यासह जे पहिले जालक प्रसिद्ध केले, त्यातील चार भुजांच्या रेणूची प्रत्येक भुजा कार्बन-नायट्रोजनाच्या त्याच जोडीवर संपते!

प्रतिपक्ष म्हणेल, हा निव्वळ योगायोग: ही जोडी ताठ आणि सरळ, धातूला सहज बिलगणारी, तेव्हा ज्याला काड्या हव्यात तो तिच्याकडेच वळणार. हा युक्तिवाद मी सहजी मोडीत काढणार नाही. परंतु रॉबसन यांच्या १९९० च्या विस्तृत लेखाचे शीर्षकच पाहावे. झिंक सायनाइड आणि कॅडमियम सायनाइड यांच्या रचनांचा पुनर्विचार हा विषय त्यात उघड नोंदलेला आहे. रॉबसन यांचा नमुना हिऱ्याचा, निळ्या रंगाचा घनाकृती नव्हे, हा दुसरा आक्षेपही येथेच गळतो. कारण झिंक सायनाइड म्हणजेच हिऱ्याच्या धर्तीची दोन जालके, एकमेकांत गुंतलेली. १९७४ पासून १९८९ पर्यंतच्या पंधरा वर्षांच्या अंतराविषयी माझे अनुमान असे की, गोळे तयार होते, काडी मिळायची होती, आणि ती या जुन्या घराण्यातून आली.

माझा सिद्धांत खरा अडखळतो तो पुढे. कितागावा यांनी १९९७ मध्ये वायू शोषून परत सोडणारी जी जालके केली, त्यांत सायनाइड नाही, तरी पिरिडीनवर्गातील दुव्याचा नायट्रोजन तेथे आहे, म्हणून दूरचे नाते लावता येते. परंतु याघी यांच्या १९९९ च्या ‘मॉफ-५’ या जालकातून नायट्रोजनही गेला. तेथे जस्त-ऑक्सिजनचे पुंजके आणि टेरिलीनच्या धाग्यात वापरले जाणारे टेरेफ्थॅलिक आम्ल एकत्र आले. ऋणभारित आम्लगट धातूला अधिक घट्ट धरीत असल्यामुळे, आतील द्रव काढून टाकल्यावरही ही चौकट कोसळली नाही, ३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकली, आणि तिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे २,९०० चौरस मीटर भरले. याला मी दत्तकविधान म्हणतो. रक्त निराळे, पण धातूचा सांधा, ताठ दुवा आणि मधली पोकळी ही घराण्याची चाल तीच राहिली. प्रतिपक्ष हे मान्य करणार नाही, आणि हॉफमान-पॉवेल यांचे बेंझिन पुढे केल्याखेरीज मीही त्याला सोडणार नाही.