बर्नर स्ट्रीटवरची पंधरा मिनिटे

पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल परिसरात १८८८ साली झालेल्या स्त्रियांच्या खुनांवर इतके लिहिले गेले आहे, की त्या लिखाणाचेच एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे. त्यातल्या बहुतेकांना एकच प्रश्न पडतो : खुनी कोण? ‘जॅक द रिपर’ ही सही एका पत्राखाली आली. ते पत्र कुणा पत्रकारानेच रचले असावे असे पुढे खुद्द पोलीस अधिकाऱ्यांनीही म्हटले. तरीही त्या नावाला चेहरा चिकटवण्याचा उद्योग सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. प्रस्तुत लेखात त्या उद्योगात शिरायचे नाही. मला कुतूहल आहे ते साक्षींचे. एका लहानशा गल्लीत एका रात्री काही माणसांनी काही पाहिले. त्यांनी ते सांगितले, दुसऱ्यांनी ते लिहून घेतले, तिसऱ्यांनी त्याचा सारांश केला, आणि आज आपल्या हाती आहे तो बहुतांशी हा तिसरा थर. प्राचीन मराठीचा पेपर शिकवताना आपण विद्यार्थ्यांना पोथी, नक्कल आणि नकलेची नक्कल यांतला फरक समजावून सांगतो. तीच शिस्त इथे लावून पाहावी, एवढाच हेतू.

गल्लीचे नाव बर्नर स्ट्रीट. (आज तिला हेन्रिकेस स्ट्रीट म्हणतात.) कमर्शियल रोडवरून दक्षिणेला उतरणाऱ्या या रस्त्यावर ४० क्रमांकाच्या घरात कामगारांचा एक क्लब होता. सभासद बहुतेक पूर्व युरोपातून आलेले ज्यू, विचाराने समाजवादी. क्लबच्या कडेला लाकडी फाटक आणि फाटकातून आत जाणारा अरुंद बोळ, डटफील्ड्स यार्ड नावाचा. २९ सप्टेंबरच्या शनिवारी रात्री क्लबात ज्यूंनी समाजवादी का व्हावे या विषयावर चर्चा झाली. ती संपल्यावर वीस-तीस जण मागे राहिले आणि वरच्या मजल्यावर गाणी म्हणत बसले. क्लबचा कारभारी लुई डिमशुट्झ फावल्या वेळी स्वस्त दागिने विकत असे. तो आपली तट्टाची गाडी घेऊन परतला तेव्हा, कमर्शियल रोडवरच्या दुकानातल्या घड्याळाप्रमाणे, रात्रीचा एक वाजला होता. फाटकातून शिरताना तट्टू बुजून डावीकडे सरकले. त्याने चाबकाच्या दांड्याने जमिनीवर चाचपले, मग आगकाडी ओढली. वाऱ्याने ती विझण्यापूर्वी तिथे कोणी बाई पडलेली आहे एवढेच त्याला दिसले.

तिचा गळा चिरलेला होता. डॉक्टर ब्लॅकवेल आले तेव्हा त्यांनी खिशातले घड्याळ पाहिले : एक वाजून सोळा मिनिटे. मृत्यू वीस ते तीस मिनिटांपूर्वी झाला असावा, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे साधारण पावणेएक ते एक. या सगळ्या प्रकरणात वेळ ठामपणे सांगता आली अशी जवळजवळ हीच दोन माणसे, कारण त्यांनी घड्याळ पाहिले होते. बाकीच्यांची वेळ अदमासाची. त्या वस्तीत खिशात घड्याळ बाळगणारे किती असणार? पोलिसाची गस्त, सुटलेली सभा, कुठल्या तरी दुकानाची दारे लागणे यांवरून माणसे वेळ ओळखत. पुढच्या काळात ज्यांनी मिनिटामिनिटांची कोष्टके मांडून कोणी कोणाला कुठे पाहिले असेल याची गणिते केली, त्यांना या एका गोष्टीचा हमखास विसर पडतो.

मृत स्त्री कोण, यावरच पहिली खोटी साक्ष उभी राहिली. कॉरोनर वाइन बॅक्स्टर यांच्यापुढे चौकशी १ ऑक्टोबरला सुरू झाली. (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी, मुंबईतही हे पद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते.) त्यांच्यासमोर मेरी माल्कम नावाच्या बाईने शपथेवर सांगितले, की ही माझी बहीण एलिझाबेथ वॉट्स. दर शनिवारी मी तिला पैसे देत आले आहे. त्या रात्री बिछान्यात असताना आपल्याला चुंबनाचे तीन आवाज ऐकू आले, असेही ती म्हणाली. साक्ष हृदयद्रावक होती आणि तपशिलांनी गच्च भरलेली होती. चौकशीच्या शेवटच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, ती बहीण स्वतः हजर झाली. लग्नानंतर मिसेस स्टोक्स झालेली ही बाई चांगली जिवंत होती आणि भलतीच संतापलेली होती.

खरी मृत स्त्री म्हणजे एलिझाबेथ स्ट्राइड, माहेरची एलिझाबेथ गुस्ताफ्सडॉटर, जन्म १८४३, स्वीडनमधल्या गोथेनबर्गजवळच्या टोर्सलांडाची. लंडनमधल्या स्वीडिश चर्चच्या दप्तरात तिची नोंद होती. पण तिने स्वतःविषयी सांगितलेली कहाणी वेगळीच. १८७८ साली टेम्स नदीत ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मेली. त्या अपघातात आपला नवरा आणि मुले गेली, असे ती सांगत असे. वास्तविक जॉन स्ट्राइड १८८४ साली वारला, पाण्यात बुडून नव्हे. अशा कहाणीने कधी थोडी मदत मिळत असेल, कधी नुसती सहानुभूती. तिला खोटारडी ठरवून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. सहा पेन्सांसाठी शनिवारी दुपारी फ्लॉवर अँड डीन स्ट्रीटवरच्या निवासातल्या खोल्या झाडणाऱ्या बाईने आपल्या दुःखाला जरा मोठी, सगळ्यांना ठाऊक असलेली जागा शोधून दिली असेल, तर ते समजण्यासारखे आहे. मात्र साक्षी जुळवणाऱ्याला याचा अर्थ असा, की या कथेची नायिकासुद्धा विश्वसनीय निवेदक नाही.

आता रस्त्यावरचे साक्षीदार. विल्यम मार्शल या मजुराने पावणेबाराच्या सुमारास तिला एका पुरुषाबरोबर पाहिले. त्याची टोपी खलाशाच्या धर्तीची, वय मध्यम. विल्यम स्मिथ या गस्तीच्या शिपायाने साडेबारा ते बारा पस्तीसच्या दरम्यान क्लबच्या समोरच्या बाजूला तिला पाहिले. सोबतच्या माणसाचे वय अठ्ठावीसच्या आसपास, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुमारे अठरा इंचांचे पुडके. तिच्या जाकिटावरचे फूल स्मिथला आठवत होते. गोदीकामगार जेम्स ब्राउन याने पावणेएकला जवळच्या फेअरक्लो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक जोडपे पाहिले. बाई ‘आज रात्री नको, पुन्हा कधी’ अशा अर्थाचे काही म्हणत होती आणि पुरुषाचा कोट जवळजवळ टाचांपर्यंत पोहोचत होता. प्रेताच्या अंगावर लाल गुलाब होता. मार्शल आणि ब्राउन यांना फूल दिसले नाही. मग तिघांनी एकच बाई पाहिली का? बॅक्स्टरने समारोपात या तीन वर्णनांतली साम्ये आणि भेद शेजारी शेजारी ठेवले, आणि ती एकमेकांत मिसळून एकच माणूस घडवण्याचा मोह टाळला. पाठभेद तळटीपेत जपणाऱ्या संपादकाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

परंतु सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार या चौकशीत नाहीच. त्याचे नाव इझ्रायल श्वार्ट्झ. हंगेरीहून आलेला हा निर्वासित त्या रविवारी संध्याकाळी लेमन स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यात आला. इंग्रजी त्याला येत नव्हती; सगळे बोलणे दुभाष्यामार्फत झाले. त्याची मूळ जबानी आज उपलब्ध नाही. उरला आहे तो मुख्य निरीक्षक डोनाल्ड स्वॉन्सन याने १९ ऑक्टोबरच्या अहवालात दिलेला सारांश. तो असा : पावणेएकला श्वार्ट्झ बर्नर स्ट्रीटवरून चालला असताना एका माणसाने फाटकाशी उभ्या बाईला रस्त्याकडे ओढले, फिरवून पदपथावर आपटले. ती तीनदा किंचाळली, पण फार मोठ्याने नाही. श्वार्ट्झ रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथे दुसरा एक माणूस पाइप पेटवत उभा होता. पहिल्याने ‘लिपस्की!’ असे ओरडून हाक मारली. दुसरा आपल्या मागे येतो आहे असे वाटून श्वार्ट्झ पळत सुटला.

१ ऑक्टोबरच्या ‘स्टार’ या वर्तमानपत्रात याच माणसाची मुलाखत आहे, नाव न देता, तीही दुभाष्याच्याच मदतीने. प्रसंग तोच. मात्र इथे दुसरा माणूस दारूच्या दुकानाच्या दारातून बाहेर येतो, आणि त्याच्या हातात पाइपऐवजी सुरी आहे. ओरडतो तो हा दुसरा, पहिला नव्हे. बाईला रस्त्याकडे ओढलेले नाही, उलट बोळात ढकललेले आहे. आणि ‘लिपस्की’ हा शब्द कुठेच नाही.

पाइप की सुरी? हा काही ऱ्हस्वदीर्घाचा पाठभेद नव्हे. पाइप असेल तर दुसरा माणूस निव्वळ वाटसरू, कदाचित श्वार्ट्झइतकाच घाबरलेला. सुरी असेल तर तो साथीदार किंवा त्याहून अधिक काही. वार्ताहराला सुरी हवीहवीशी वाटली असणार, हा तर्क सोपा आहे. पण तो करताना पोलिसी सारांश म्हणजे मूळ प्रत, असे आपण नकळत गृहीत धरतो. तोही एका दुभाष्याच्या तोंडून आलेला आहे, आणि त्याच्या आणि आपल्या मध्ये एक अधिकारी, एक लेखणी आणि तीन आठवडे आहेत. दोन्ही प्रती भ्रष्ट असू शकतात. २ ऑक्टोबरला तर ‘स्टार’नेच छापले, की लेमन स्ट्रीटच्या पोलिसांना या हंगेरियनाच्या हकिकतीविषयी शंका आहे. उलट स्वॉन्सन लिहितो, की पोलिसांच्या अहवालात त्याच्या सांगण्यावर संशय घेतलेला नाही. या दोन विधानांपैकी एक निवडून दुसऱ्याकडे डोळेझाक केली, तर हवा तो श्वार्ट्झ मिळतो. बहुतेक पुस्तके हेच करतात.

‘लिपस्की’ या शब्दाची कथा आणखी बोलकी आहे. शेजारच्या बॅटी स्ट्रीटवर १८८७ साली मिरियम एंजल या स्त्रीला विष देऊन मारल्याबद्दल इझ्रायल लिपस्की या पोलिश ज्यू तरुणाला फाशी झाली होती. स्वॉन्सनचा अहवाल गृहखात्यात गेला, तेव्हा तिथे समासात वाचन सुरू झाले : खुन्याने साथीदाराला नावाने हाक मारली असावी, तेव्हा लिपस्की नावाच्या माणसांचा शोध घ्यावा. निरीक्षक अ‍ॅबरलाइनने १ नोव्हेंबरला उत्तर पाठवले. श्वार्ट्झला आपण खोदून विचारले. ती हाक कोणाला उद्देशून होती हे त्याला सांगता येत नाही. फाशीनंतर त्या भागात ‘लिपस्की’ हा शब्द ज्यूंना हिणवण्यासाठी शिवीसारखा वापरतात, आणि श्वार्ट्झची चेहरेपट्टी ठळक ज्यू असल्याने तो त्यालाच उद्देशून असावा. लिपस्की नावाचा कोणीही परिसरात सापडला नाही, हेही त्याने कळवले.

एका शब्दाचे अर्थनिर्णयन कुठे नेऊ शकते ते पाहा. विशेषनाम म्हणून वाचले तर ओरडणारा माणूस आणि पाइपवाला एकमेकांच्या ओळखीचे ठरतात, आणि संशय ज्यू वस्तीकडे वळतो. शिवी म्हणून वाचले तर ओरडणारा बहुधा ज्यू नव्हे. त्या शरद ऋतूत व्हाइटचॅपलमध्ये ज्यूंविरुद्ध वातावरण तापलेले होते, रस्त्यावर माणसे अडवून त्रास दिला जात होता. अशा वेळी हा वाचनाचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वस्तीतली बोली ऐकत चाकरी केलेल्या अ‍ॅबरलाइनला जे ऐकू आले, ते गृहखात्यातल्या टेबलाशी ऐकू आले नाही. मला हा सबंध दप्तरातला सर्वांत चांगला टीकालेख वाटतो.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. ३६ क्रमांकाच्या घरातल्या फॅनी मॉर्टिमर यांची हकिकत वर्तमानपत्रांत दोन तऱ्हेने येते. एकीत त्या साडेबारा ते एक जवळजवळ सारा वेळ दारात उभ्या आहेत, दुसरीत जेमतेम दहा मिनिटे. त्यांना काळी पिशवी घेऊन जाणारा एक माणूस तेवढा दिसला. तो लिऑन गोल्डस्टीन, आपणहून ठाण्यात आला. पिशवीत सिगारेटच्या रिकाम्या डब्या होत्या. मॅथ्यू पॅकर हा फळविक्रेता पोलिसांना आधी काहीच पाहिले नाही म्हणाला, मग खासगी हेरांनी विचारल्यावर त्या जोडप्याला द्राक्षे विकल्याचे त्याला आठवू लागले. डॉक्टर फिलिप्स यांनी चौकशीत सांगितले, की मृत स्त्रीने द्राक्षांची साल किंवा बिया गिळलेल्या नव्हत्या. पॅकर आणि मॉर्टिमर यांच्या साक्षी चौकशीत झाल्या नाहीत. तरी द्राक्षे कथेतून गेली नाहीत ती नाहीतच. प्रक्षिप्त ओव्या अशाच तर टिकतात.

पावणेएकला श्वार्ट्झने जे पाहिले ते अक्षरशः खरे धरले, तरी स्वॉन्सनने स्वतःच नोंदवले आहे, की त्यानंतर एक वाजेपर्यंत पंधरा मिनिटे उरतात आणि तेवढ्यात दुसरा कोणी तिला भेटू शकतो. त्याच पावणेएकला ब्राउन तिला (किंवा दुसऱ्या कुणाला) कोपऱ्यावर पाहतो. क्लबातला मॉरिस ईगल त्याआधी पाच-दहा मिनिटे त्याच फाटकातून आत गेला होता. त्याला काही दिसले नाही. गाणाऱ्यांनी किंकाळी ऐकली नाही.

२३ ऑक्टोबरला ज्युरीने अज्ञात व्यक्तीने केलेला खून असा निर्णय दिला. श्वार्ट्झला का बोलावले नाही याची नोंद दप्तरात नाही. डॉक्टर ब्लॅकवेल यांच्या साक्षीत मात्र एक तपशील आहे, जो कोणत्याही दुभाष्याच्या तोंडून आलेला नाही. तोंडाचा वास जावा म्हणून चघळतात त्या सुगंधी गोळ्यांची, पातळ कागदात गुंडाळलेली पुडी तिच्या डाव्या हातात अजून धरलेली होती. पदपथावर आपटले गेल्यावरही ती हातातून सुटली नव्हती की नंतर, सगळे शांत झाल्यावर, तिने ती काढली होती? डॉक्टरांनी तिचा हात सोडवला तेव्हा काही गोळ्या बोळातल्या चिखलात सांडल्या.