शाळेचा धनी कोण?

बीडहून मांजरसुंब्यावरून केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हें बाजाराचें मोठें गांव लागतें. वारकरी मंडळी तें बंकटस्वामींच्या नांवानें ओळखतात, आणि आसपासचे शेतकरी आठवड्याच्या बाजारामुळें. अशा गांवांतील एखादा कापडाचा दुकानदार आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. त्याचा मुलगा गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकत आहे. पालकांची सभा भरते, शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठीं नांवें पुकारलीं जातात, आणि हा गृहस्थ उठून म्हणतो, "माझेंही नांव घ्या." प्रसंग लहानसा आहे, त्याची बातमी कोणी छापणार नाहीं. परंतु त्या एका वाक्यामागें दीडशें वर्षांचा वाद उभा आहे. शाळेचा धनी कोण? जो पैसा देतो तो, कीं ज्याचें मूल तेथें बसतें तो?

हा प्रश्न प्रथम आपल्याकडे उपस्थित झाला असें नव्हे. इंग्लंडांत १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानें, जेथें शाळा अपुऱ्या होत्या तेथें लोकनियुक्त शाळा-मंडळें स्थापण्याची सोय केली. या मंडळांच्या निवडणुकींत जितक्या जागा तितकीं मतें प्रत्येकास असत, आणि तीं सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. त्यामुळें अल्पसंख्य पक्षाचाही एखादा माणूस निवडून येई. पार्लमेंटचें दार स्त्रियांस बंद होतें त्या काळीं लंडनच्या पहिल्याच मंडळावर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून आल्या. १९०२ च्या कायद्यानें हीं मंडळें मोडलीं व त्यांचा कारभार कौंटी व नगरसंस्थांकडे गेला. परंतु त्या मंडळांचा पायादेखील करदाता हाच होता. मूल शाळेंत आहे एवढ्याच नात्यानें कोणास तेथें बसतां येत नसे.

आपल्याकडे हा विषय ज्यानें प्रथम मुळापासून हलविला तो पुरुष स्वतः व्यावसायिक होता, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत राहत नाहीं. जोतीराव फुले यांचें नांव घेतांच १८४८ ची मुलींची शाळा व १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. पण ते बांधकामाचे कंत्राटदार होते आणि पुण्याच्या एका व्यापारी व कंत्राटी कंपनीचे भागीदारही होते, याची आठवण कमी जणांस असते. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं व सावित्रीबाईंनीं पोटच्या मुलासारखा वाढविला. १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. अर्थात् सरकारनियुक्त, कारण निवडणुकीचें वारें त्या काळीं तेथें पोंचलें नव्हतें.

या जोतीरावांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें जें निवेदन ठेवलें, तें हिशेब जाणणाऱ्या माणसाचें निवेदन आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि तो खर्ची पडतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतले असावेत, लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शाळांस द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आमच्या विषयास सर्वांत जवळचा मुद्दा मात्र निराळाच आहे. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनीं उचलावा, पण संपूर्ण व्यवस्था त्यांच्या हातीं देऊं नये, ती शिक्षणखात्याच्या देखरेखीखालीं असावी, असें त्यांनीं सांगितलें. स्वतः नगरपालिकेच्या बैठकींत बसणाऱ्या माणसाचें हें मत आहे! तेथील खुर्च्या कोणाच्या आणि बाहेर उभा कोण, हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतों. जो कर भरतो त्याचें मूल शाळेबाहेर, आणि जो कारभार पाहतो त्यास त्या मुलाची फिकीर नाहीं; अशा स्थितींत नुसता अधिकार 'स्थानिक' केल्यानें तो लोकांचा होत नाहीं.

पुढील इतिहासानें ही शंका खरी ठरविली. मुंबई प्रांतांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं नगरपालिकांस सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर लौकरच पुण्यांत वाद पेटला, कीं पैसा अपुरा असतां सक्ती प्रथम मुलग्यांपुरतीच ठेवावी कीं मुलींसही लावावी? विठ्ठल रामजी शिंदे व रमाबाई रानडे यांनीं मुलींचा पक्ष घेतला आणि १९२० सालीं स्त्रियांची मिरवणूक रस्त्यावर आली. सभागृहांत ज्यांची बाजू दुबळी होती त्यांस रस्ता धरावा लागला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. १९२३ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांचीं शाळा-मंडळें अस्तित्वांत आलीं, आणि १९४७ च्या कायद्यानें जिल्हा शाळा-मंडळांची नवी घडी बसविली. पण या मंडळांवर माणसें पाठवीत तीं मुख्यत्वें नगरपालिकांचीं व लोकल बोर्डांचीं सभासद मंडळी. दुकानदारास मंडळावर जावयाचें तर त्यानें शेजारच्या पालकाचें नव्हे, तर नगरपित्याचें मत मिळवावयाचें, असा तो प्रकार होता.

नेकनूरची कथा याहून अगदीं वेगळी. तें निझामाच्या राज्यांत. तेथें मुंबई इलाख्याचे हे कायदे लागू नव्हते. शाळा सरकारी खात्याच्या, १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू, आणि खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी. मतपेटीचा मार्ग बंद होता तेव्हां मराठवाड्यानें वर्गणीचा मार्ग काढला. औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन, अंबाजोगाईस १९१७ सालीं योगेश्वरी आणि हिप्परग्यास १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा, हीं त्याचीं ठळक उदाहरणें. वकिलांनीं, व्यापाऱ्यांनीं, शेतकऱ्यांनीं पदरमोड करून अशा संस्था तगविल्या. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्यास व पुढें अंबाजोगाईस शिक्षक होते. १९३८ च्या सत्याग्रहांत ते उतरले ते वर्गांतूनच. परकी भाषेच्या राज्यांत मराठी मुलास मराठींतून विद्या देणाऱ्या त्या दात्यांचें ऋण आमची पिढी विसरूं शकत नाहीं.

परंतु कृतज्ञता एक आणि विवेक एक. वर्गणीच्या संस्थेंत सभासद होतो तो वर्गणी देणारा, आणि कार्यकारी मंडळ निवडतो तो सभासद. ज्याच्या घरीं पैसा नाहीं त्याचें मूल त्या शाळेंत शिकेल, कदाचित् फीमाफीही मिळवील, पण त्याचा बाप सभेंत हात वर करूं शकणार नाहीं. पुण्याकडे करदाता शाळेचा धनी झाला, तसा इकडे दाता धनी झाला. मार्ग दोन, पण निष्कर्ष एकच: थैलीस मत, पालकास नाहीं.

१९४८ च्या सप्टेंबरांत निझामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आतां नेकनूरच्या प्रौढ माणसास मत मिळालें, मोठीच गोष्ट झाली. तरी जिल्हा परिषदेच्या निवडणुकींत रस्ता, पाणी, जात, पक्ष यांच्या गर्दींत शाळा हा विषय मागल्या बांकावरच बसतो, हें आपण सर्व जाणतों.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रथमच निराळी गोष्ट केली. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती, तिच्यांत निदान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बळ घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणांत जागा. सरकारी शाळांत या समितीनें शाळेचा विकास आराखडा तयार करावा व आलेल्या पैशाचा विनियोग पाहावा. येथें कर किती भरला हें कोणी विचारीत नाहीं, देणगीही मोजीत नाहीं. मूल शाळेंत आहे, एवढें एकच प्रमाणपत्र. जोतीरावांनीं दाखविलेली फट बुजविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होय.

आतां आपल्या कापडाच्या दुकानदाराकडे परत येऊं. त्याचें नांव घ्यावें काय? आम्ही म्हणूं, अवश्य घ्यावें. त्यास वही वाचतां येते, पावती तपासतां येते, माल कमी भरला तर कळतें. समितीस अशा माणसाची गरज आहे. मात्र त्यानें तराजू दुकानांत ठेवून यावें. कित्येक वर्षें मुलांच्या गणवेशाची खरेदी या समित्यांमार्फत होत आली आहे. समितींत बसून आपल्याच दुकानांतील ठाण खपविणारा सभासद वर्गणीदार दात्याहूनही वाईट, कारण दाता निदान स्वतःचा पैसा खर्चीत असे. त्याच्या शेजारीं ऊसतोडीस जाणाऱ्या घरची बाई बसेल. तिचें मत त्याच्या मताइतकेंच वजनदार आहे, हेंही त्यास मानावें लागेल. त्यास हें जमलें तरच कायदा जमला.

आणि याहून मोठी भीति वेगळीच आहे. बाजारपेठांच्या गांवांतून ज्यांस चार पैसे जोडतां येतात ते आपलीं मुलें स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांत धाडूं लागले आहेत. ज्याचें मूल गेलें त्याची समितींतील जागाही गेली. दुकानदार तेथें फी भरणारा गिऱ्हाईक होतो. तक्रार करतो, पण कारभार करीत नाहीं. इकडे गांवच्या शाळेंत अधिकार येतो तो ज्यांस रोजंदारी बुडवून सभेस येणें परवडत नाहीं त्यांच्या हातीं. मालकी मिळाली आणि मालक मात्र पांगले! दीडशें वर्षें आपण शाळेचें दार पालकास उघडावें म्हणून भांडलों. तें उघडलें तेव्हां आपलें मूल हाताशीं धरून आंत जाणारा कोण, हें नेकनूरच्या त्या सभेंत ठरावयाचें आहे, आणि आपल्या प्रत्येकाच्या घरींही.