'डायालिसिस' : शब्द आणि उपचार

'डायालिसिस' हा शब्द रुग्णालयात जन्मला नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विलग करणे असा आहे. टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने तो १८६१ मध्ये रसायनशास्त्रात आणला. चर्मपत्री कागदाच्या पडद्यातून काही द्रव्ये पाण्यात उतरतात, काही मागे राहतात. या क्रियेस त्याने हे नाव दिले. मूत्रातील यूरियाही त्याने याच रीतीने वेगळा केला होता. (आपल्या परिभाषेतील 'अपोहन' हा प्रतिशब्द कोशातच राहिला.)

रक्तापर्यंत हा विचार पोहोचावयास मात्र दीर्घ काळ लागला; कारण टिकाऊ पडदा आणि रक्त गोठू न देणारे निर्धोक द्रव्य, दोहोंचीही उणीव होती. सेलोफेन व हेपॅरिन यांनी ती भरून काढली. जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेजचे सेलोफेनी आवरण फिरत्या पिंपावर गुंडाळून यंत्र सिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री मात्र शुद्धीवर आली व वाचली.

तथापि दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. म्हणून मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्यांना या यंत्राचा उपयोग नव्हता. १९६० मध्ये सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसविली आणि खरा पेच येथेच उत्पन्न झाला. यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. कोणास जगवावे हे नागरिकांची एक समिती ठरवू लागली. रुग्णाचा व्यवसाय, कुटुंब, चर्चमधील उपस्थितीदेखील विचारात घेतली जाई. अमेरिकेत या उपचाराच्या सरकारी खर्चाची तरतूद करणारा कायदा १९७२ मध्ये झाला.